डुकरांच्या श्वसनरोगांच्या अभ्यासासाठी लाळनमुना संच: एक परीक्षण

बंदिस्त वराहपालनातील सांसर्गिक श्वसनरोगांवर काम करणाऱ्यांना जी साधने विकत मिळतात, त्यांपैकी दिसायला सर्वांत साधे साधन म्हणजे लाळनमुना संच. जाड सुती दोऱ्या, त्या टांगण्याचे आकडे, लाळ पिळून घेण्यासाठी तोंड बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, आट्यांच्या झाकणाच्या नळ्या, हातमोजे, नावाच्या चिकटपट्ट्या आणि नमुन्यासोबत प्रयोगशाळेला पाठवायचा अर्ज, एवढाच ऐवज त्यात असतो. असे संच अनेक कंपन्या बनवतात आणि त्यांच्यात फरक फारसा नसतो, म्हणून कोणत्याही कंपनीचे नाव न घेता मी वापरलेल्या संचाविषयी आणि त्यामागील पद्धतीविषयी लिहीत आहे. श्वसनसंस्थेच्या सर्व प्रमुख रोगांसाठी हा एकच नमुना पुरेसा असल्याचे सोबतच्या पत्रकात म्हटले आहे. हा दावा अर्धाच खरा आहे आणि त्यातला खरा भाग कोणता, हे खरेदीपूर्वी समजून घेणे आवश्यक आहे.

कळपातील डुकरे खोकू लागली म्हणजे त्यामागे एकच जंतू असेल, असे क्वचितच घडते. पीआरआरएसचा (डुकरांच्या प्रजनन व श्वसनसंस्थेला ग्रासणाऱ्या रोगाचा) विषाणू फुप्फुसांतील संरक्षक पेशींमध्येच वाढतो आणि त्यांचा नाश करतो; इन्फ्लुएंझाचा विषाणू श्वासनलिकेच्या आतील अस्तराची हानी करतो; मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनिए हा जिवाणू तेथील सूक्ष्म केसांना चिकटून त्यांची झाडलोट बंद पाडतो; आणि अशा रीतीने मोकळ्या झालेल्या वाटेने पाश्चुरेलासारखे जिवाणू खाली उतरतात. त्यामुळे संशोधकापुढचा प्रश्न ‘कोणता जंतू आहे’ एवढाच नसतो, तर ‘कोणता जंतू कोणत्या वयात, कोणाच्या आधी आला’ असाही असतो, आणि त्याचे उत्तर त्याच कप्प्यांतून पुन्हा पुन्हा नमुने घेतल्याशिवाय मिळत नाही. रक्तनमुन्यांच्या आधारे हे करायचे तर प्रत्येक वेळी डुकराच्या वरच्या जबड्याला फास अडकवून, दोघातिघांनी त्याला धरून मानेच्या मोठ्या शिरेत सुई घालावी लागते. वाढलेल्या डुकरांच्या बाबतीत हे काम किती दमवणारे असते आणि जनावराला त्याचा किती ताण होतो, हे ज्यांनी केले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. शिवाय दर दोन आठवड्यांनी अशी धरपकड करू देणारा पशुपालक मिळणेही कठीण असते.

दोरीची पद्धत ही अडचण मुळातच टाळते. अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठातील संशोधकांनी 2008च्या सुमारास पीआरआरएसवरील आपल्या प्रयोगांतून ती प्रचारात आणली. कप्प्यात डुकरांच्या खांद्याच्या उंचीवर दोरी टांगायची, वीस ते तीस मिनिटे त्यांना ती चघळू द्यायची, मग ओले टोक पिशवीत धरून पिळायचे आणि पिशवीच्या कोपऱ्यात जमलेला द्रव नळीत ओतायचा. साधारण पंचवीस ते तीस डुकरांच्या कप्प्याला एक दोरी पुरते. या द्रवात लाळेबरोबरच हिरड्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून पाझरलेला अंशही असतो, म्हणून त्यात विषाणूंची जनुकीय सामग्री सापडते आणि प्रतिपिंडेही (संसर्गाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) सापडतात. जनुकीय सामग्री शोधणारी पीसीआर आणि प्रतिपिंडे शोधणारी एलायझा या दोन्ही चाचण्या एकाच नळीवर करता येतात, ही सोय संशोधनाच्या दृष्टीने मोठी आहे.

संचातील दोरी चांगली आहे. ती तीन पदरी पिळाची, पूर्णपणे सुती, रंग न दिलेली आणि रासायनिक प्रक्रिया न केलेली आहे, आणि या कामासाठी तशीच दोरी लागते; नायलॉनची दोरी द्रव धरून ठेवत नाही. लहान पिल्लांसाठी बारीक आणि मोठ्या जनावरांसाठी जाड, अशा दोन जाडीच्या दोऱ्या दिलेल्या आहेत. खालच्या टोकाचे पदर हाताने थोडे सोडवून ठेवले, तर डुकरे अधिक लवकर जवळ येतात, ही उपयुक्त सूचना मात्र पत्रकात नाही. सकाळी डुकरे उठून हालचाल करू लागतात, तेव्हा दोरी टांगणे सर्वांत सोयीचे ठरते. नवी वस्तू दिसली की तिला तोंड लावून पाहण्याचा डुकरांचा स्वभाव येथे संशोधकाच्या कामी येतो, आणि मला तरी या पद्धतीतील सर्वांत आवडलेली गोष्ट हीच आहे, कारण नमुना जनावर स्वतःहून देते.

दूध तोडण्यापूर्वीच्या पिल्लांच्या बाबतीत मात्र हे गणित बिघडते. ती दोरीकडे फारशी वळत नाहीत. मादीला आधी दोरीची सवय लावून, दोरी मादी आणि पिल्ले दोघांच्याही आवाक्यात टांगावी लागते आणि तरीही कित्येकदा हाती थेंबभरच येते. दुसरी आणि अधिक गंभीर मर्यादा तीव्र साथीच्या वेळी जाणवते. ताप भरून कोपऱ्यात पडून राहिलेले डुक्कर दोरी चघळायला उठत नाही, त्यामुळे ज्यांच्या नमुन्याची सर्वाधिक गरज आहे तेच या नमुन्यातून वगळले जाण्याचा धोका असतो. अशा कप्प्यात नाकातील स्वॅब आणि नुकत्याच मेलेल्या जनावराचे फुप्फुस यांना पर्याय नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे कोणत्या रोगासाठी हा संच उपयोगी पडतो याकडे येतो. पीआरआरएससाठी तो उत्तम आहे. संसर्ग झाल्यापासून साधारण तीन ते चार आठवडे विषाणू लाळेत पीसीआरने सापडू शकतो, आणि दीड-दोन आठवड्यांत प्रतिपिंडेही दिसू लागतात. इन्फ्लुएंझाच्या बाबतीत तर ही पद्धत विशेष मोलाची आहे. एकेक डुक्कर जेमतेम पाच ते सात दिवस विषाणू बाहेर टाकते, त्यामुळे मोजक्या डुकरांच्या नाकातील स्वॅब घेताना नेमकी संसर्गग्रस्त जनावरे हुकण्याची शक्यता बरीच असते. कप्प्यातील बहुतेक सर्वांनी चघळलेल्या दोरीत ती शक्यता कमी होते. शहरात पोलिओचा विषाणू फिरतो आहे का, हे घरोघरी न जाता सांडपाण्यातून तपासतात, त्याच जातीचे हे काम आहे. परंतु विषाणू जिवंत स्वरूपात वेगळा करून वाढवायचा असेल, तर लाळेवर विसंबू नये. त्यासाठी नाकातील स्वॅबच घ्यावा. डुकरांमधील इन्फ्लुएंझाच्या विषाणूंवर सतत लक्ष ठेवण्याचे महत्त्व 2009च्या स्वाइन फ्लूच्या जागतिक साथीनंतर कोणालाही पटवून द्यावे लागत नाही, आणि त्यासाठी हा संच मी निःसंकोच सुचवेन.

मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनिए मात्र पत्रकातील दाव्याला सरळ खोटे पाडतो. हा जिवाणू तोंडात किंवा घशाच्या वरच्या भागात राहत नाही. तो श्वासनलिका आणि तिच्या खालच्या शाखांमधील सूक्ष्म केसांना चिकटून राहतो. तेथून तो लाळेत येतो तो अल्प प्रमाणात आणि अनियमितपणे. परिणामी संपूर्ण कप्पा कोरडा खोकला खोकत असताना दोरीचा अहवाल ‘आढळला नाही’ असा येऊ शकतो. जिवंत डुकरात हा जिवाणू शोधायचा तर स्वरयंत्रातून किंवा श्वासनलिकेतून स्वॅब घ्यावा लागतो, आणि त्यासाठी जनावर धरणे आलेच. या रोगाचा संसर्ग दोनशेहून अधिक दिवस टिकू शकतो, तो कळपात सावकाश पसरतो, आणि प्रयोगशाळेत जिवाणू वाढवणे इतके किचकट आहे की त्याची पहिली खात्रीशीर ओळख 1965 मध्येच पटली. अशा चिवट रोगाच्या निर्मूलनाचा कार्यक्रम लाळेच्या नकारात्मक अहवालावर आधारणे म्हणजे आतून धुमसणारा कळप स्वच्छ समजून बसणे होय. पत्रकातील रोगांच्या यादीतून हे नाव कंपनीने काढून टाकावे, किंवा निदान त्यापुढे स्पष्ट इशारा छापावा.

डुकरांत फुप्फुसदाह घडवणाऱ्या ॲक्टिनोबॅसिलस प्ल्यूरोन्यूमोनिएच्या बाबतीत अडचण उलट आहे. हा जिवाणू निरोगी दिसणाऱ्या डुकरांच्या टॉन्सिलमध्येही मुक्काम करतो आणि त्याचे सर्व प्रकार सारखे घातक नसतात, म्हणून दोरीत तो सापडला तरी कळपातील मृत्यूंना तोच कारणीभूत आहे, असे ठरवता येत नाही.

अहवाल वाचताना आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. दोरीचा निकाल हा कप्प्याचा निकाल असतो. त्यावरून किती टक्के डुकरांना संसर्ग झाला आहे, हे सांगता येत नाही. कोविडच्या काळात घरोघरी परिचित झालेली सीटी व्हॅल्यू (पीसीआरमध्ये विषाणू दिसेपर्यंत लागलेल्या आवर्तनांची संख्या; ती जितकी कमी, तितका विषाणू जास्त) येथेही अहवालात येते, परंतु तीस डुकरांच्या मिश्र लाळेतील सीटी व्हॅल्यूवरून एखाद्या जनावराच्या आजाराची तीव्रता काढणे निरर्थक आहे. जिवंत, सौम्य केलेल्या विषाणूची लस दिलेल्या कळपात पीआरआरएसची चाचणी होकारात्मक आली, तर तो लसीचा विषाणू आहे की बाहेरून आलेला, हे जनुकक्रम वाचल्याशिवाय कळत नाही, आणि लाळेत विषाणूचे प्रमाण अल्प असेल तर जनुकक्रम पूर्ण मिळेलच असे नाही. अनेक कप्प्यांची लाळ एकत्र करून खर्च वाचवण्याचा मोह होतो. पण त्यामुळे क्षीण होकार हरवतात.

एवढे सगळे संदर्भ ज्याच्यावर अवलंबून आहेत, तो अर्ज संचातील सर्वांत दुबळा भाग आहे. त्यात लसीचा प्रकार आणि लस दिल्याची तारीख लिहायला जागाच नाही, डुकरांच्या वयासाठी एक अपुरी चौकट आहे, आणि कप्प्याचा क्रमांक कोठे लिहायचा हे वापरणाऱ्याने ठरवायचे आहे. चिकटपट्ट्या ओल्या हाताने लावल्या की निसटतात, म्हणून नळीवरच पक्क्या शाईने लिहिणे बरे. पिशव्या जाड आहेत आणि पिळताना फाटत नाहीत, नळ्यांची झाकणे गळत नाहीत. या दोन्ही बाबतींत तक्रारीला जागा नाही. नमुना थंड ठेवण्याची सोय मात्र संचात नाही. लाळेत खाद्य, विष्ठा आणि जिवाणू मिसळलेले असतात आणि उष्णतेत विषाणूचे आरएनए त्यात झपाट्याने नष्ट होते, त्यामुळे नळी भरताच ती बर्फात ठेवून 4 अंश सेल्सियसच्या आसपासच्या तापमानात प्रयोगशाळेत पोहोचवणे अनिवार्य आहे. ही सूचना पत्रकाच्या मागील पानावर बारीक अक्षरांत छापली आहे.

ज्यांना एकाच तुकडीचा दूध तोडल्यापासून विक्रीपर्यंत पाठपुरावा करायचा आहे, किंवा पीआरआरएसच्या साथीनंतर विषाणूचा फैलाव थांबला आहे का हे पडताळायचे आहे, त्यांनी हा संच अवश्य घ्यावा. कप्पे चिठ्ठ्या टाकून निवडण्यापेक्षा इमारतीच्या लांबीत समान अंतरावर निवडावेत आणि दर वेळी तेच ठेवावेत, कारण संसर्ग शेजारच्या कप्प्यांतून सरकत जातो आणि अंतर राखून घेतलेल्या नमुन्यांत तो हुकण्याची शक्यता निदान वाढत तरी नाही. ज्यांचा अभ्यास केवळ मायकोप्लाझ्मावर आहे, त्यांनी हा खर्च लांब दांडीचे स्वॅब आणि ते घेण्याचे प्रशिक्षण यांवर करावा.