चावी, डुप्लिकेट की अख्खं लॉक किट? बाइकच्या कुलपाची पारख

रोजच्या १०० ते १६० सीसी बाइकची चावी अडकायला लागली, झिजली किंवा हरवली की तीन पर्याय समोर असतात: नाक्यावरच्या चावीवाल्याकडून डुप्लिकेट, स्पेअर पार्टच्या दुकानातलं बाजारी लॉक किट, नाहीतर शोरूमच्या पार्ट काउंटरवरचं कंपनीचं किट. तिन्ही आपापल्या जागी कामाचे आहेत. फक्त त्याआधी गाडीबरोबर आलेली दुसरी चावी कपाटात आहे ना, ते बघून घ्या. तिन्ही पर्यायांचा निकाल बऱ्याच अंशी त्या न वापरलेल्या चावीवर ठरतो.

याचं कारण कुलपाच्या रचनेत आहे. इग्निशनच्या भोकात पितळेच्या पातळ पत्त्या ओळीनं बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीखाली केसासारखी बारीक स्प्रिंग असते. चावीच्या खाचा योग्य खोलीच्या असतील तर सगळ्या पत्त्या एका पातळीत येतात आणि आतला गोल भाग फिरतो. चार-पाच वर्षं रोज वापरलेल्या चावीच्या खाचांचे कोपरे गोल होतात. जुन्या कुलपाला ते चालतं, कारण पत्त्याही तिच्याबरोबरच झिजलेल्या असतात. पण अशा चावीवरून डुप्लिकेट काढली की आधीची झीज आणि मशीनची बारीक चूक दोन्ही नव्या चावीत उतरतात. मग ती अर्धी फिरून अडते, किंवा टाकीच्या झाकणाला लागते आणि इग्निशनला लागत नाही. म्हणून डुप्लिकेट नेहमी न वापरलेल्या चावीवरूनच काढावी. दुसरी चावी रोजच्या वापरात काढूच नका. ती मूळ नमुना म्हणून ठेवायची असते.

चावीवाल्याचं काम पारखणं सोपं आहे. आधी कोरी चावी कोणत्या धातूची आहे ते बघा. लहान लोहचुंबक लावा. चिकटलं तर चावी लोखंडी, आणि अशी चावी पितळी पत्त्या लवकर खाते. निकेलचा मुलामा दिलेली पितळी चावी चांगली. एकदम हलकी, मऊ मिश्रधातूची चावी मानेशी पिळवटते आणि एक दिवस अर्धी कुलपातच राहते. खाचा कापून झाल्यावर चावीवाल्यानं त्यांच्या कडा बारीक कानशीनं आणि तारेच्या ब्रशनं साफ केल्या पाहिजेत. कडेला धातूची कूस राहिली तर तिचा चुरा थेट कुलपात जातो. शेवटी मूळ चावी आणि डुप्लिकेट पाठीला पाठ लावून उजेडात धरा. खाचांच्या दऱ्या एकमेकींवर बसायला हव्यात. पैसे देण्याआधी इग्निशन, हँडल लॉक, टाकी आणि साइड पॅनल किंवा सीट, चारही ठिकाणी चावी फिरवून बघा.

डुप्लिकेटनं भागेल की किट लागेल, हे ठरवायला एक साधी परीक्षा आहे. चावी ऑनवर फिरवा आणि हळूच ओढा. चांगल्या कुलपातून ती ऑनवर निघत नाही. निघाली तर हीच परीक्षा न वापरलेल्या चावीनं करा. तीही निघाली तर पत्त्या संपल्या, किट बदला. न वापरलेली चावी घट्ट बसत असेल तर झीज फक्त जुन्या चावीत आहे आणि किटवर खर्च करायची गरज नाही. गॅरेजमध्ये ही परीक्षा क्वचितच होते, बहुतेक वेळा सरळ किटच सुचवलं जातं.

आता किटकडे येऊ. त्यात साधारणपणे हँडल लॉकसह इग्निशन स्विच, टाकीचं झाकण किंवा त्याचं कुलूप, साइड पॅनलचं किंवा सीटचं कुलूप आणि दोन चाव्या असतात. दुचाकी कंपन्या ही कुलपं स्पार्क मिंडा, संधार यांच्यासारख्या उत्पादकांकडून घेतात. असे उत्पादक आपल्या नावानंही सुटे भाग बाजारात विकतात. त्यामुळे ‘बाजारी’ म्हणजे हलकंच, असं समजू नका. मान्यवर उत्पादकाचं सीलबंद किट हा पैशाच्या मानानं सगळ्यात चांगला पर्याय आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. टाळायचं ते बिननावाच्या खोक्यातलं किंवा नुसत्या पिशवीतलं किट. त्यात वायर बारीक असते, कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या खोबणीच्या) पिना सैल असतात आणि हँडल लॉकची खुंटी पूर्ण बाहेर येत नाही. काउंटरवरच खोकं उघडून चावी वीसेक वेळा फिरवा. लॉकवर खुंटी झटक्यानं बाहेर आली पाहिजे आणि परत फिरवल्यावर पूर्ण आत गेली पाहिजे. अर्धवट आत राहणारी खुंटी धोक्याची आहे, चालत्या गाडीत हँडल अडू शकतं.

कपलर आणि वायरी मात्र जुन्या स्विचशी ताडून घ्याव्याच लागतात, कारण एकाच नावाच्या मॉडेलमध्ये वर्षागणिक फरक असतो. जुन्या होंडा-हिरो पद्धतीच्या एसी सीडीआय (प्लगची ठिणगी बॅटरीऐवजी इंजिनाच्या मॅग्नेटोवरून देणाऱ्या) गाड्यांत चार वायरी येतात: लाल बॅटरीची, काळी पुढे जाणारी, हिरवी अर्थिंगची आणि काळी-पांढरी सीडीआय बंद करणारी. बंद असताना स्विच काळी-पांढरी आणि हिरवी जोडतो, चालू केल्यावर ती सोडतो आणि लाल-काळी जोडतो. बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशनमध्ये मुख्य काम लाल-काळीचंच. चुकीच्या प्रकारचा स्विच बसवला तर गाडी चालूच होत नाही, किंवा चालू झालेली बंद होत नाही. जुनी स्प्लेंडर, सीडी १०० असेल तर हँडल लॉक स्विचपासून वेगळं, खाली टीपाशी (पुढचे दोन्ही शॉकअप धरणाऱ्या आडव्या भागापाशी) असतं. त्या किटमध्ये तो तुकडा आहे ना, तेही बघा.

बसवायला सवयीच्या हाताला तासभर पुरतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. हेडलाइटचा व्हायझर उतरवून स्विचचा कपलर सोडवा आणि वायर कुठून कुठे गेली आहे त्याचा फोटो काढा. स्विच वरच्या टीला खालून दोन बोल्टांनी धरलेला असतो. काही गाड्यांत साध्या पान्यानं न निघणारे चोरप्रतिबंधक बोल्ट असतात, ते ठोकून काढण्यापेक्षा योग्य बिट असलेल्या फिटरकडे जा. नवा स्विच लावल्यावर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. वायर ताणली जाता कामा नये, टी आणि फ्रेममध्ये चेपताही कामा नये. नवा स्विच सहा महिन्यांत गेला तर दोष बहुधा इथेच असतो. टाकीचं झाकण चपटं, बिजागरीचं असेल तर दिसणाऱ्या ॲलन स्क्रूंपैकी काही नुसते शोभेचे असतात. खरे स्क्रू काढण्यापूर्वी टाकीच्या तोंडावर फडकं अंथरा, नाहीतर सुटलेला स्क्रू थेट पेट्रोलमध्ये जातो.

चावी हलवली की मीटरचे दिवे मिचकतात किंवा धक्का बसला की इंजिन दचकतं, अशी तक्रार असेल तर कुलूप ठीक असून स्विचच्या तळाची संपर्क-प्लेट काळी पडलेली असू शकते. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं स्विचमधून बाहेर येणाऱ्या वायरला लावा. चावी ऑन करून ब्रेकलाइट आणि इंडिकेटर लावा. ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला तर स्विच उत्तम, ०.५ च्या वर गेला तर आत विरोध वाढला आहे. बऱ्याच स्विचांची ही प्लेट बारीक स्क्रूंवर किंवा खटक्यांवर निघते. जुनं घट्ट झालेलं ग्रीस पुसून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला आणि पातळ थर नवं ग्रीस लावलं की किटचा खर्च वाचतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत याकडे दुर्लक्ष करू नका. तिथे पंप आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) दोन्हींचा पुरवठा याच वाटेनं जातो, त्यामुळे ओव्हरटेक करताना इंजिन बंद पडू शकतं.

स्कूटर आणि काही बाइकवर येणारं, चावीचं भोक झाकणारं मॅग्नेटिक शटर आम्हाला पसंत आहे. कोकणातल्या पावसात आणि मराठवाड्यातल्या धुळीत भोक झाकलेलं असणं हाच मोठा फायदा, वर चोराला स्क्रू ड्रायव्हर घालायला जागा उरत नाही. त्याची चावी घेताना मात्र जपा. चावीच्या मुठीतल्या उंचवट्यात बारीक चुंबक ठरावीक मांडणीत बसवलेले असतात. नाक्यावरच्या साध्या डुप्लिकेटमध्ये ते नसतात, त्यामुळे शटर बंद असेल तर ती चावी निरुपयोगी. चुंबकासकट चावी घ्या आणि मूळ चावीच्या जोडीनं शटर उघडून-लावून बघा. त्या उंचवट्याला लोखंडाचा कीस चिकटतो, तो महिन्यातून एकदा चिकटपट्टीनं काढा.

कुलपात तेल घालायचं नाही. इंजिन ऑइल, खोबरेल, ग्रीस, सगळ्यांवर धूळ बसते आणि महिन्याभरात पत्त्यांभोवती काळा चिखल होतो. कुलूप आधीच चिकट असेल तर डब्ल्यूडी-४० सारख्या पातळ स्प्रेनं ते धुवा, चावी आत-बाहेर करून प्रत्येक वेळी फडक्यानं पुसा आणि फडकं स्वच्छ निघायला लागलं की थांबा. वाळल्यावर ग्रॅफाइट पावडर किंवा टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे. ग्रॅफाइट चिमूटभरच घ्या, वीज वाहून नेणारा पदार्थ आहे, तळाच्या संपर्कांपर्यंत पोचता कामा नये. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा एवढं केलं की पुरे. गाडी धुताना प्रेशरचा फवारा चावीच्या भोकावर धरू देऊ नका.

कुलपाचं आयुष्य सगळ्यात जास्त कमी करतो तो चाव्यांचा जुडगा. घराची, कपाटाची, दुकानाची चावी एकाच कड्यात लोंबकळत असली की प्रत्येक खड्ड्याला त्या वजनाचा हिसका पत्त्यांवर बसतो. झिजलेल्या कुलपात तर चावी आपोआप ऑफकडे सरकू शकते. वर टीच्या आणि मीटरच्या प्लास्टिकवर चरे. बाइकची चावी एकटी, चामड्याच्या किंवा कापडी छोट्या पट्टीला लावा. पट्टी एवढी लांब नको की हँडल वळवताना टाकीशी अडकेल.

हँडल लॉक लावताना हँडल डावीकडे पूर्ण वळवा, चावी आत दाबा, मग फिरवा. फिरत नसेल तर जोर न लावता हँडल किंचित हलवा, खुंटी भोकासमोर आलेली नसते. उघडतानाही तेच, कारण हँडलचा भार खुंटीवर असतो तोवर चावी फिरत नाही आणि चाव्या मोडतात त्या याच क्षणी. किल स्विचनं इंजिन बंद करून चावी ऑनवर विसरणं ही दुसरी महागडी सवय. बऱ्याच कम्यूटर बाइकची बॅटरी ३ ते ४ ॲम्पियर-अवरची असते. बॅटरीवर चालणारा ३५ वॉटचा हेडलाइट जळत राहिला तर ती तास-सव्वा तासात बसते.

चावी कुलपात मोडलीच तर उरलेला तुकडा घालून ढकलू नका. भोक ऑफच्या रेषेत नसेल तर बारीक, चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं हलकेच तिथे आणा, कारण इतर जागी पत्त्या तुकडा सोडत नाहीत. मग पातळ स्प्रे मारा, जिगसॉचं बारीक पातं दात बाहेरच्या दिशेला ठेवून तुकड्याच्या कडेनं आत सरकवा आणि किंचित वळवून ओढा.

गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी एफआयआर आणि आरसीबरोबर मूळ चाव्या मागते, बहुधा दोन्ही. एक हरवली असेल तर ती हरवल्याची नोंद पोलिसांकडे त्याच वेळी करा आणि पोच जपा. किट बदललं असेल तर पक्कं बिल घ्या, त्यावर गाडीचा नंबर लिहून घ्या. नव्या चावीवर किंवा तिच्या पत्र्याच्या बिल्ल्यावर क्रमांक असतो. तो वहीत उतरवा आणि बिल्ला कड्यातून काढून बिलासोबत ठेवा. हा क्रमांक हाती असला की काही कंपन्यांकडे त्यावरून नवी चावी मागवता येते. तोच बिल्ला चावीच्या कड्यात फिरत राहिला तर चावी सापडणाऱ्याच्या हाती तो क्रमांकही जातो.