डीह्युमिडिफायरचा आकडा आणि बड रॉट: उन्हाळा ते हिवाळा वापरानंतरचा अनुभव

हवेतला ओलावा शोषणाऱ्या या यंत्राच्या पडद्यावर आर्द्रता ४५ टक्के दिसत असताना आमच्या गांजाच्या झाडांच्या तंबूतल्या सर्वांत जाड तुऱ्याला बड रॉट (तुऱ्याची आतून होणारी कूज) लागला, म्हणून हे लिहीत आहे. दिवसाला २२ पिंट पाणी ओढण्याच्या क्षमतेच्या, कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या या यंत्राची वैशिष्ट्ये सर्वांना ठाऊक आहेत. ती पुन्हा सांगत नाही. आम्ही कॅनडातल्या ओंटारिओत राहतो आणि येथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार एका घरात गांजाची चार झाडे लावता येतात. (भारतात १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली विनापरवाना लागवड हा गुन्हा आहे, तिकडच्या वाचकांनी हे केवळ यंत्राचे परीक्षण समजावे.)

नाशिककडे द्राक्षबागेत वाढल्यामुळे भुरी मला दुरून ओळखता येते. ती पानावर पांढरी भुकटी होऊन बसते, लपत नाही. बड रॉट करणारी करडी बुरशी, म्हणजे बॉट्रायटिस, मात्र दाट तुऱ्याच्या आत देठापाशी सुरू होते. बाहेरून दिसले ते एवढेच, की बाकी सारे हिरवे असताना तुऱ्यातले एकच बारीक पान पिवळे पडून सुकले होते आणि चिमटीत धरताच ते अलगद हातात आले. तुरा उकलला तर आतला देठ तपकिरी, लिबलिबीत आणि भोवती करडी लव. यावर औषध नाही. फवारा आत पोहोचत नाही आणि ऐन फुलोऱ्यावर बुरशीनाशक मारणे मला मान्य नाही. पंखे बंद करून, तुऱ्यावर जागेवरच पिशवी चढवून, कुजलेल्या भागाच्या बरेच खाली कापले आणि तो तुरा सबंध फेकून दिला.

आता त्या आकड्याविषयी. स्वस्तातला आर्द्रतामापक आधी मिठाने तपासून घेतला: झाकणात जेमतेम ओले केलेले मीठ मापकासह बंद डब्यात रात्रभर ठेवल्यास आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापकाने ७४ दाखवले. तोच तुऱ्यांमध्ये टांगला, तेव्हा दिवे विझल्यानंतर ६३ आला आणि त्याच वेळी यंत्र ४५ दाखवून निवांत थांबलेले होते. दिवे विझले की हवा थंड होते, त्यामुळे वाफ तेवढीच असली तरी सापेक्ष आर्द्रता चढते; यंत्राचा संवेदक मात्र त्याच्या पोटात, कॉम्प्रेसरच्या उबेजवळ असल्याने त्याला हवा कोरडीच भासते, असा माझा निष्कर्ष आहे. फुलोऱ्यात ४० ते ५० टक्के राखण्यासाठी घेतलेल्या यंत्राने नेमक्या रात्रीच झोपावे, याला काय म्हणावे?

कंपनीने कळवले की पाच टक्क्यांचा फरक मर्यादेत धरला जातो. अठरा टक्क्यांचे छायाचित्र पाठवले, तर मूळ खोक्यात बांधून स्वखर्चाने सेवाकेंद्रात पाठवा, असे उत्तर आले.

तोपर्यंत यंत्र विकून टाकण्याचे ठरले होते. ते मत बदलले. वीज तोडून परत दिली की हे यंत्र आधीच्याच सेटिंगवर आपोआप सुरू होते, हे वीज गेली तेव्हा योगायोगाने कळले. मग त्याला अखंड चालू ठेवण्याच्या सेटिंगवर टाकले आणि तुऱ्यांच्या उंचीवर संवेदक टांगलेल्या, आर्द्रतेनुसार यंत्राची वीज चालू-बंद करणाऱ्या वेगळ्या नियंत्रकाला जोडले. कॉम्प्रेसर वारंवार चालू-बंद होऊ नये म्हणून काही मिनिटांचा विलंब देणाराच नियंत्रक घ्यावा. तेव्हापासून रात्रीचा आकडा पन्नाशीच्या वर गेलेला नाही आणि दुसऱ्या लागवडीत कूज दिसली नाही. सुरुवातीला असह्य वाटलेल्या आवाजाची सवय झाली. यंत्र ओकते ती उष्णता उन्हाळ्यात जाच ठरली. हिवाळ्यात घर गरम ठेवणाऱ्या भट्टीमुळे घरची हवाच इतकी कोरडी असते की त्याला फारसे चालावे लागत नाही आणि वीजबिल आवाक्यात राहते. टाकीतले पाणी झाडांना न घालता फरशी पुसायला वापरतो. पेल्टियरवर (कॉम्प्रेसरशिवाय, विजेने थंड होणाऱ्या पट्टीवर) चालणारी छोटी यंत्रे स्वस्त दिसली तरी चार झाडांच्या तंबूत त्यांचा निभाव लागत नाही.

खोक्याविषयी कंपनीचे आणखी एक पत्र आले आहे. खोके केव्हाच रद्दीत गेले. उत्तरासोबत मी नियंत्रकाची पावती जोडली आहे.