घोडा तबेल्यात बांधावा की आवारात मोकळा सोडावा? छोट्या शेतावर घोडा पाळणाऱ्यांसाठी

सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेत घोडा पसंत पडला की बहुतेक जण घरी येऊन आधी पत्र्याची शेड उभी करतात. कुंपणाचं पुढच्या वर्षी बघू, असं ठरतं. दोन-तीन एकर शेत, एक-दोन घोडे आणि पगारी मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा माणूस) ठेवण्याची ऐपत नाही, अशी ज्यांची परिस्थिती आहे त्यांनी हा क्रम उलटा करावा, असं माझं ठाम मत आहे. आधी कुंपण, मग छप्पर. तबेल्याचेही फायदे आहेत आणि काही ठिकाणी त्याच्याशिवाय भागत नाही. ते पुढे येईलच.

सुरुवात पोटापासून

घोड्याचं जठर देहाच्या मानाने फार लहान असतं, जेमतेम ८ ते १५ लिटरचं. त्यात आम्ल सतत पाझरत राहतं, पोटात चारा असो वा नसो. मोकळा घोडा दिवस-रात्र मिळून १५-१६ तास थोडं थोडं चरत असतो, आणि त्याचं शरीर त्याच सवयीवर घडलेलं आहे. बांधलेल्या घोड्याला सकाळ-संध्याकाळ दाण्याचा तोबरा मिळतो आणि मधले कितीतरी तास गव्हाण रिकामी असते. यातून जठरात व्रण होतात, पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून त्याची पोटदुखी जिवावर बेतू शकते. कंटाळलेला घोडा दाराची फळी दातात धरून हवा ओढू लागतो किंवा जागच्या जागी डुलत राहतो. ही सवय एकदा जडली की सहसा सुटत नाही.

तबेल्यात हे टाळता येतं. साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज साधारण ६ ते ८ किलो कोरडी वैरण लागते. ती चार-पाच वेळांत विभागायची आणि शेवटची वैरण रात्री आपण झोपायच्या आधी टाकायची. पण नोकरी करणाऱ्या माणसाच्या घरी दुपारची वैरण कोण टाकणार, याचं उत्तर घोडा आणण्याआधी मिळायला हवं.

मोकळ्या आवारात पोटाचा प्रश्न आपोआप सुटतो, असंही समजू नका. आपल्या पठारावर होळीनंतर गवत उरत नाही, आणि दोन एकरांतली हरळी दोन घोडे बघता बघता खरवडून काढतात. ज्वारीचा कडबा, वाळलं गवत, थोडा लसूणघास विकत घ्यावाच लागतो. फरक एवढाच, की वैरण तीन-चार ठिकाणी जाळीत टांगून ठेवली की घोडा फिरत फिरत खात राहतो, आणि आपल्याला तासाला बांधून घ्यावं लागत नाही.

गाईम्हशींचं पशुखाद्य मात्र दोन्ही पद्धतींत वर्ज्य. काही पशुखाद्यांत मोनेन्सिन हे औषध मिसळलेलं असतं. गुरांना ते चालतं, घोड्याच्या हृदयाला मात्र थोड्या मात्रेतही घातक ठरतं. गोठा आणि घोडा शेजारी असतील तर पेंडीचं पोतं कडीकुलपात ठेवा.

पावसाळा

इथे तबेल्याची बाजू वरचढ आहे. काळ्या जमिनीत जुलैमध्ये घोडा दिवसचे दिवस चिखलात उभा राहिला की खुराच्या तळाचा मऊ भाग सडू लागतो आणि घाण वास येतो. गोमाश्यांमधून सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पसरतो. धनगरांच्या वाड्यांबरोबर फिरणारी भीमथडी तट्टं ऊन-पाऊस अंगावर काढत आली आहेत. मारवाडी किंवा काठियावाडी घोडा मूळचा कोरड्या मुलखातला. मावळात, कोकणात त्याला छपराविना ठेवणं अन्याय आहे. जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, तिथे शिंगरू असलेली घोडी रात्री बंदिस्तच हवी.

पण बंद तबेल्यात ओली लीद आणि मूत साचलं की त्याचा उग्र वायू फुफ्फुसं खराब करतो. मला सगळ्यात योग्य वाटते ती आवारातच उंचवट्यावर बांधलेली शेड: तीन बाजूंना भिंत, पावसाच्या झोताकडे पाठ, खाली मुरूम चोपून वर वाळू. दोन घोड्यांना १२ बाय २४ फूट पुरते. घोडा हवं तेव्हा आत येतो, हवं तेव्हा बाहेर जातो.

रोजची मेहनत

तबेल्यात दोन वेळा लीद काढणं, खरारा (अंग घासून साफ करणं), २५ ते ४० लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याहून जास्त, आणि रोज किमान तासभर फिरवणं. एक दिवसही सुट्टी नाही. आवारात काम कमी, पण दुर्लक्षाचा धोका मोठा. घोडा चरताना लांबून ठीक दिसतो आणि जखम चार दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून मोकळ्या घोड्यालाही रोज हात लावायचा, चारही खूर उचलून खरडायचे. नालबंद दोन्हीकडे सहा ते आठ आठवड्यांनी लागतोच.

कुंपणाला काटेरी तार नको. घाबरलेला घोडा तिच्यात पाय फाडून घेतो. लाकडी किंवा बांबूचे आडवे दांडे लावा, किंवा झटका मशीनला जोडलेली रुंद पांढरी पट्टी, म्हणजे ती त्याला दुरूनही दिसते. खरा खर्च इथे आहे.

एकटा घोडा तर कुठेच सुखी राहत नाही. दुसरा घोडा परवडत नसेल तर निदान शेळी किंवा गाढव सोबतीला द्या.

शिकवणं

दिवसभर कोंडलेला घोडा खोगीर चढताच उसळतो. लोक त्याला मस्ती म्हणतात आणि काटेरी लगाम आणतात. त्याला खरी गरज असते ती चार पावलं मोकळं पळण्याची. आवारात वाढलेला घोडा शिकायला शांत उभा राहतो, त्याचे सांधे आणि स्नायूही चालते असतात. मात्र त्याला पकडणं हेच पहिलं शिक्षण. रोज एकाच वेळी, मूठभर दाण्यावर मोरकी (तोंडावरची दोरी) घालायची, थोडं चालवून पुन्हा सोडायचं. फक्त कामापुरतं पकडलं तर तो मोरकी पाहूनच दूर पळेल. शिंगराला हात लावून घेण्याची सवय मात्र छोट्या बंदिस्त जागेत लवकर लागते.

लांब दोरीवर गोल फिरवताना १५-२० मिनिटं पुरेत, दिशा बदलत. तीन वर्षांच्या आत पाठीवर माणूस नको. पायांची हाडं आधी पक्की होतात, मणक्याला पाच-सहा वर्षं लागतात.

तबेल्यातून आवारात आणताना

यात्रेतून घेतलेला घोडा बहुधा बांधून वाढलेला असतो. पहिल्या दिवशी दोरीने कुंपणाच्या कडेने दिवसाउजेडी दोन फेऱ्या मारा, मग सोडा. पावसानंतरच्या कोवळ्या गवतावर सुरुवातीला अर्धा तास, मग दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. एकदम पोटभर हिरवं खाल्लं तर खुरांच्या आत दाह होतो. पुढचे खूर गरम लागले, घोडा भार मागे टाकून पुढचे पाय ताणून उभा राहिला, तर हिरवं लगेच बंद करा, त्याला चालवू नका आणि त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा.