शांत सर्व्हर हवाय? आधी ठरवा: २यू, ३यू की ४यू

रॅकमधल्या सर्व्हरसाठी कूलर बघताना बहुतेक जण आधी वॅट बघतात. मी आधी पट्टी काढतो. एक यू (रॅकमधल्या उंचीचं एकक) म्हणजे ४४.४५ मिमी, म्हणून ४यू कॅबिनेट कागदावर १७७.८ मिमी. त्यातून पत्रा, स्टँडऑफ (बोर्डाखालचे छोटे खांब), बोर्ड, सॉकेट आणि खुद्द प्रोसेसर वजा केला की हाती साधारण १५५ मिमी उरतात. नॉक्टुआ कंपनीचा एनएच-यू१२एस हा कूलर आहे १५८ मिमी. ‘तीन मिमीने काय होतंय’ म्हणून मी एकदा तो बसवला. झाकण सरकेना. जोर लावला तर मधोमध फुगलं. कूलरच्या हीटपाइपच्या (उष्णता वाहणाऱ्या नळ्यांच्या) टोकांचे ओरखडे त्या झाकणाला आतून अजून आहेत.

१यूचा विषयच सोडा, ४० मिमीचे पंखे किंचाळणारच.

२यूमध्ये कूलरला जेमतेम ६५ मिमी मिळतात. इथे दोन वाटा आहेत. एक, ६० मिमीचा पंखा बाजूला लावलेला सर्व्हर कूलर. १८० वॅटचा एपिक (एएमडीचा सर्व्हर प्रोसेसर) असला तरी तो सांभाळतो, पण लोड आला की हेअर ड्रायर सुरू. दुसरी वाट म्हणजे एनएच-एल९एक्स६५सारखा बुटका कूलर. त्याचा ९२ मिमीचा पंखा शांत असतो, पण तो डेस्कटॉपच्या आकाराच्या सॉकेटसाठी आहे, फार तर ६५ ते ८० वॅटच्या प्रोसेसरला. शिवाय झाकण पंख्याच्या अगदी डोक्यावर येतं आणि त्याला हवा ओढायला जागाच उरत नाही. आणि बिनपंख्याचा हीटसिंक घेऊन शांतता मिळेल या भ्रमात राहू नका. तो कॅबिनेटच्या दणदणीत पंख्यांच्या वाऱ्यावरच जगतो.

३यूला ११० मिमीचे कूलर बसतात. साध्या सॉकेटला एनएच-डी९एल, एलजीए २०११ सॉकेटच्या जुन्या झिऑनला (इंटेलचा सर्व्हर प्रोसेसर) एनएच-डी९डीएक्स आय४ ३यू. १२५ मिमीचा एनएच-यू९एस मात्र इथे सहसा अडतो.

खरी निवड ४यूमध्ये. एसपी३ सॉकेटच्या एपिकसाठी आर्क्टिकचा फ्रीझर ४यू-एम (१४५ मिमी, १२० मिमीचे दोन पंखे) की नॉक्टुआचा एनएच-यू९ टीआर४-एसपी३ (१२५ मिमी, ९२ मिमीचे दोन)? पंख्याची गती निम्मी केली तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. तसाच दुसरा पंखा जोडला तर जेमतेम ३ डेसिबल वाढतात. म्हणजे मोठे, संथ आणि जोडीने फिरणारे पंखे केव्हाही बरे. माझं मत फ्रीझरला. कॅबिनेट आतून बुटकं असेल किंवा आजूबाजूला दाटी असेल, तर नॉक्टुआ.

पण ऑर्डर देण्याआधी बोर्डाचा फोटो नीट बघा. एसपी३ची भोकं लांबट चौकोनात असतात, त्यामुळे कूलर ९० अंशांत फिरवता येत नाही. सॉकेट आडवा असेल तर वारा पुढून मागे न जाता बाजूच्या पत्र्यावर आपटतो. एलजीए २०११मध्ये भानगड वेगळी: चौरस सॉकेटची भोकं ८० बाय ८० मिमीवर, अरुंदची ५६ बाय ९४वर. वर सांगितलेला डी९डीएक्स दोन्हींना चालतो, सगळेच चालत नाहीत.

जागा असेल तर सरळ ४यू घ्या. ३यू ही तडजोड, पण चांगली. ८० वॅटच्या वर २यूमध्ये शांतता शोधू नका.

आणि शांत पंखे लावल्यावर सर्व्हर दर काही सेकंदांनी धापा टाकायला लागला, तर कूलरला दोष देऊ नका. माझ्या बोर्डाला ५०० आरपीएमखाली गेलेला पंखा मेलेला वाटायचा. पंखा ४०० वर आला की बीएमसी (बोर्डावर देखरेख करणारी चिप) घाबरून सगळे पंखे पूर्ण जोरात सोडायचा, वेग वाढला की निवांत व्हायचा, की पुन्हा तेच. आयपीएमआयमधून (त्या चिपला सूचना द्यायची सोय) ती खालची मर्यादा २०० वर आणली आणि रात्री पहिल्यांदाच हार्ड डिस्कची कुरकुर ऐकू आली.