काळ्या शेवाळासाठी लिक्विड कार्बन, सात महिने वापरल्यानंतर

आधीच सांगते, टँक माझा नाही. म्हणजे आता माझाच झालाय. लेक इंजिनीअरिंगला पुण्याला गेला आणि जाताना हॉलमधला दोन फुटी टँक, त्यातले मासे, झाडं आणि वहीच्या पानावर खरडलेल्या सूचना माझ्या गळ्यात मारून गेला. झाडं म्हणजे दगडाला बांधलेली अनुबियास, जावा फर्न आणि मागं गवतासारखी लांब वॅलिसनेरिया. दिवाळीपर्यंत छान चाललं होतं, डिसेंबरात अनुबियासच्या पानांच्या कडांना काळे केस यायला लागले. केसच म्हणते मी, दाढी केल्यावर बेसिनमध्ये पडतात ना तसले, पण चिकटलेले. बोटानं ओढलं तर पान फाटायचं पण ते सुटायचं नाही. फिल्टरच्या तोंडाला तर चांगली लांब दाढी आली होती.

लेकाला फोटो पाठवला, तो म्हणाला आई ही ब्लॅक बियर्ड अल्गी, लिक्विड कार्बन आण. माशांच्या दुकानात गेले तर दुकानदारानं बाटली काढायच्या आधी विचारलं, "मॅडम, लाईट किती तास ठेवताय ते सांगा की आधी." मी ऐटीत म्हटलं सात तास, टायमर आहे. त्यानं मान हलवली आणि 250 मिलीची बाटली दिली, साडेतीनशे रुपये. त्याचा तो प्रश्न लक्षात ठेवा, पुढं लागणारय.

आता बाटलीबद्दल. नावात कार्बन असला तरी आत असतं ग्लुटाराल्डिहाइड. नणंद नर्स आहे, तिनं झाकण उघडून लांबूनच वास घेतला आणि म्हणाली वहिनी हे तर आमच्या ऑपरेशन थिएटरमधलं, उपकरणं बुडवून ठेवायला 2 टक्क्यांचं असतं ते. त्यामुळं हातमोजे घालूनच वापरा, खिडकी उघडी ठेवा, आणि लहान मुलांचा हात पोचेल तिथं ठेवू नका. झाडांना कार्बन मिळतो असं लेबलवर लिहिलंय, असेल थोडाफार, पण सिलिंडरनं सोडतात त्या सीओटूची सर ह्याला नाही. माझ्या मते हे शेवाळ मारायचं औषध आहे आणि तसंच समजून घ्यावं.

डोसचा हिशोब नीट करा. टँक 24 बाय 12 बाय 12 इंच, गणितानं 56 लिटर भरतो, पण वाळू, दगड वजा केले आणि वरची दोन बोटं रिकामी धरली तर खरं पाणी 45 लिटरच्या आसपास. बाटलीवर 50 लिटरला रोज 1 मिली लिहिलेलं, म्हणजे मला त्याहून थोडं कमीच. मेडिकलमधून 2 मिलीची सिरिंज आणली, सुई काढून टाकली. रोज का, तर हे पाण्यात साधारण दिवसभरात विरून जातं. पद्धत अशी की फिल्टर बंद करायचा, सिरिंजचं तोंड त्या केसांजवळ न्यायचं आणि हळूहळू सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि फिल्टर परत चालू. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर काळ्या केसांचा रंग गुलाबी! बिटाच्या कोशिंबिरीत दही घातल्यावर येतो ना अगदी तसला. लेक म्हणाला हे जातीनं लाल शेवाळच आहे, मरायला लागलं की असं दिसतं. मग ते पांढरट पडलं आणि मोल्ली माशांनी खाऊन टाकलं, जिवंत असताना तोंड लावत नव्हते बरं का. जानेवारीत आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले तेव्हा टँक असा झाला होता की सगळ्यांनी त्याच्यापुढं उभं राहून फोटो काढले.

इथपर्यंत पाचपैकी पाच दिले असते.

फेब्रुवारीत वॅलिसनेरिया गेली. पानं आधी काचेसारखी आरपार दिसायला लागली, मग हात लावला की शिजलेल्या पालकासारखी लिबलिबीत. वॅलिसनेरियाला हे औषध सोसत नाही, मॉसलाही जपावं लागतं, आणि ही गोष्ट छंदातल्या सगळ्यांना माहीत आहे पण बाटलीवर एका ओळीनं लिहिलेली नाही, ह्याचा मला खरंच राग आला. एक मार्क तिथंच कापला.

एप्रिलपासून काळे केस परत आले, आणि सोबत हिरवं लांब धाग्यांचं शेवाळ, हेअर अल्गी म्हणतात ते, कापसाच्या गुंत्यासारखं. मला वाटलं बाटली जुनी झाली, जोर कमी झाला, म्हणून मे महिन्यात मी डबल डोस सुरू केला. हे करू नका. सोलापूरचा मे, बाहेर 43, टँकचं पाणी 33. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, 20 अंशाला लिटरमागं 9 मिलिग्रॅम तर 30 ला साडेसातच, त्यात मरणारं शेवाळ कुजताना आणखी खातं. एका रात्री वळीव आला, अकरा वाजता लाईट गेली, फिल्टर बंद. उकाड्यानं उठले आणि सहज मोबाईलचा टॉर्च मारला तर सगळे मासे वर तोंड काढून आ वासतायत. मग काय, अंधारात तांब्यानं टँकमधलंच पाणी उचलायचं आणि हातभर उंचीवरनं परत सोडायचं, हवा मिसळावी म्हणून, मधेच ड्रममधलं साठवलेलं पाणी घालून अर्धं बदललं. तासभर चाललं हे. तीन निऑन टेट्रा तरी गेलेच.

सासूबाई हॉलमध्येच झोपतात. त्या पुठ्ठ्यानं वारा घेत म्हणाल्या, "बरं झालं बाई लाईट गेली, नाहीतर तुझा तो दिवा एक-दीडपर्यंत डोळ्यावर असतोय."

मी तांब्या धरून थांबले. "कुठला दिवा आत्या?"

"माशाचा की. मी रोज चादर टाकते त्याच्यावर. मला वाटलं तू मुद्दाम ठेवतीस."

लेकानं दिवा दुपारी दोन ते रात्री नऊ लावलेला. पण टायमर तो गोल चाकाचा, पिना दाबायचा, आणि वीज गेली की त्याचं चाकही थांबतं. दोन महिन्यांत लाईट जेवढा वेळ गेली तेवढा तो मागं पडत गेला. सकाळी दहाला बघितलं तर चाकावर साडेपाच. म्हणजे दिवा संध्याकाळी साडेसहाला लागून रात्री दीडला विझत होता. सात तासच की, असं वाटेल, पण आमच्या पश्चिमेच्या खिडकीतनं तीनपासून उन्हं थेट टँकवर येतात. आधी ऊन आणि दिवा एकाच वेळी असायचे, आता ऊन संपलं की दिवा सुरू, म्हणजे साडेदहा तास उजेड. दहाला झोपायला जाताना दिवा चालू दिसायचा ना मला, पण रोजच्या वस्तूकडं कोण लक्ष देतंय.

त्यात आमचं पाणी उजनीचं. पुण्याकडचं सांडपाणी मुळा-मुठेतनं भीमेत आणि भीमेतनं उजनीत, म्हणजे खत त्यात आधीच मिसळलेलं (लेक पुण्याला गेला तरी त्याचं सांडपाणी आईच्याच टँकमध्ये, हे मी त्याला फोनवर ऐकवलं). नुसतं खत असून शेवाळ येतंच असं नाही, झाडं धडधाकट असली की ती खातात ते, पण वरनं जास्तीचा उजेड मिळाला की शेवाळाचीच चैन.

मग सासूबाईंकडनं चादर मागून घेतली. सोलापुरी चादर दुहेरी घालून टँक चारी बाजूंनी झाकला, आतून टॉर्च लावून बघितलं, उजेड आरपार येत नाही. चार दिवस अंधार, खाणं नाही, औषध नाही, फक्त एअर पंप चालू. पाचव्या दिवशी धाग्यांचं शेवाळ पिवळं पडून गळालेलं, ते सायफननं ओढून काढलं आणि अर्धं पाणी बदललं. काळ्या केसांना मात्र अंधारानं काही झालं नाही, ते तसेच ताठ. त्यांना परत सिरिंजच.

आता आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर लावलाय, लाईट गेली तरी वेळ चुकत नाही. दिवा सहा तास, खिडकीला जाड पडदा. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं त्या दिवशी ड्रम भरायचा, एक रात्र ठेवायचा, क्लोरीनसाठी अँटिक्लोरीनचे खडे टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी टँकचं एक तृतीयांश बदलायचं. जूनपासून रोजचा डोस बंद, कुठं केस दिसले तरच तेवढ्या जागी थेंबभर. वॅलिसनेरियाला मुळापासून तीन नवी पानं फुटलीत. काचेवरचे हिरवे ठिपके बाटलीनं कधीच गेले नाहीत, ते जुन्या एटीएम कार्डानं खरवडते.

मार्क द्यायचेच तर पाचपैकी साडेतीन. काळ्या शेवाळासाठी काम करतं, दुसऱ्या कशासाठी घेऊ नका, आणि उन्हाळ्यात तर डोस वाढवूच नका. पहिल्या बाटलीत तळाला बोटभर उरलंय, संपली तर दुसरी आणेन पण 100 मिलीचीच. चादर धुऊन परत दिली तर सासूबाईंनी दोनदा वास घेऊन बघितला आणि म्हणाल्या राहू दे, माशालाच ठेव, मला नवीन आण.