ठिबक चोंदलंय: क्लोरीन सोडायचं की ॲसिड?

जहाजाच्या बुडाला बार्नॅकल चिकटतात, त्याआधी बहुधा तिथे जिवाणूंचा बुळबुळीत थर बसलेला असतो. केळीच्या ठिबक नळीतही असाच थर धरतो आणि बारीक गाळ त्याला चिकटत जातो.

औषध आणण्याआधी शेवटच्या लॅटरलचा (ओळीत टाकलेल्या ठिबक नळीचा) तुकडा कापून उभा चिरा. थर बोटाला चिकट लागला, वास मारला, तर क्लोरीन. पांढरा, टणक आणि ॲसिडच्या थेंबाने फसफसणारा असेल तर तो चुना, त्याला ॲसिडच. जळगावच्या हतनूर धरणाच्या कालव्याच्या पाण्यावर बहुधा पहिला थर दिसेल, बोअरच्या जड पाण्यावर दुसरा.

क्लोरीनचा हिशोब सोपा आहे. ताशी १०,००० लिटर प्रवाहात १० पीपीएम (लिटरला १० मिलीग्रॅम) क्लोरीन हवं असेल, तर १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट ताशी १ लिटर लागतं. व्हेंच्युरीतून (औषध ओढून पाण्यात मिसळणाऱ्या नळकांड्यातून) अर्धा ते एक तास सोडा आणि शेवटच्या ड्रिपरला १ ते २ पीपीएम क्लोरीन उरतंय का ते किटने तपासा. काहीच उरत नसेल तर घाणच ते खातेय, मात्रा वाढवा. रात्रभर नळीत ठेवून सकाळी एंडकॅप उघडून फ्लश करा. पाण्याचा सामू (पीएच) ८ असेल तर क्लोरीनचा जेमतेम चौथा हिस्सा प्रभावी रूपात राहतो. बोअरवर ते फसल्यासारखं वाटतं ते यामुळेच. पाण्यात लोह असेल तर क्लोरीन फिल्टरच्या आधी सोडा, नाहीतर गंज ड्रिपरमध्येच साचेल. युरियासोबत तर सोडूच नका.

ॲसिडची मात्रा बादलीत ठरते. १० लिटर पाण्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड मोजून टाकत जा, सामू ४ वर आला की थांबा. १० मिली लागलं तर त्याच प्रवाहाला ताशी १० लिटर, म्हणजे १५ मिनिटांना अडीच लिटर. लोखंडी फिल्टर ओलांडल्यानंतर सोडा, २४ तासांनी फ्लश करा. नेहमी पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा हवेतच.

धरणाच्या पाण्यात ब्रायोझोआ नावाचे चिमुकले प्राणीही फिल्टरला चिकटून वाढतात. त्यांच्या कडक कवचाच्या कळ्या क्लोरीनला सहज दाद देत नाहीत, तिथे डिस्क उघडून घासाव्या लागतात.

दोन्ही थर असतील तर दोन्ही उपचार करा, पण वेगवेगळ्या दिवशी आणि मध्ये फ्लश करून. क्लोरीन आणि ॲसिड एकाच टाकीत गेलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो.