विंडोज सँडबॉक्स: इन्स्टॉलर तपासायला फुकटातलं कोरं मशीन

विंडोज सँडबॉक्स म्हणजे तुमच्या विंडोजच्या आतच एका खिडकीत उघडणारी तात्पुरती, कोरी विंडोज. नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांना किंवा लासलगावच्या कांदा व्यापाऱ्यांना डेस्कटॉप सॉफ्टवेअर देणाऱ्यांनी हे वापरायलाच हवं. 'माझ्याकडे चालतंय, गिऱ्हाईकाकडे उघडत नाही' यातल्या बऱ्याच तक्रारी इथेच पकडल्या जातात.

विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून हे प्रो आणि एंटरप्राइझमध्ये मिळतं, होममध्ये नाही. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू करा, मग 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मध्ये 'विंडोज सँडबॉक्स'वर टिक करा आणि रीस्टार्ट. रॅम किमान ४ जीबी लागते, पण ८ च्या खाली नुसतं रखडतं.

खरी गंमत डब्ल्यूएसबी फाईलमध्ये. ही सँडबॉक्सच्या सेटिंगची साधी एक्सएमएल मजकुराची फाईल. तिच्यात बिल्डचा (तयार इन्स्टॉलर असलेला) फोल्डर रीड-ओन्ली जोडा, लॉगऑन कमांडमध्ये इन्स्टॉलरचा पाथ द्या, की डबल-क्लिकवर कोऱ्या विंडोजवर इन्स्टॉल सुरू. 'व्हीसीरनटाइम१४० डीएलएल सापडत नाही' असं आलं, तर इन्स्टॉलरमध्ये व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल (प्रोग्राम चालायला लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या फाइल्सचा संच) टाकायचं राहिलंय. एकदा नेटवर्किंग डिसेबल करूनही चालवा. गोदामात नेट असेलच असं नाही.

दोन उणिवा मोठ्या आहेत. आतला युजर ॲडमिनिस्ट्रेटर असतो, त्यामुळे प्रोग्राम फाइल्समध्ये (जिथे लिहायला ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क लागतात) डेटाबेस लिहिण्याची चूक इथे झाकली जाते आणि मुनीमजींच्या साध्या लॉगिनवर उघडी पडते. शिवाय आतली विंडोज तुमच्याच आवृत्तीची. गिऱ्हाईकाकडे विंडोज ७ असेल तर वेगळं व्हर्च्युअल मशीन लागेलच. प्रिंटरच्या चाचणीसाठी तर यावर विसंबूच नका.

खिडकी बंद केली की सगळं पुसलं जातं, लॉगसुद्धा! लॉगसाठी लिहिता येणारा दुसरा फोल्डर आधीच जोडून ठेवा.